घराभोवतीचं काँक्रीट: घालायचं कसं, दुरुस्त कसं करायचं आणि सजवायचं कसं?



आज आपण जरा वेगळ्या तंत्रज्ञानाबद्दल बोलणार आहोत. मोबाईल आपण तीन-चार वर्षांत बदलतो. अंगणातलं काँक्रीट मात्र एकदा घातलं की वीस-पंचवीस वर्षं आपल्यासोबत राहतं. तरीही मोबाईल घेताना आपण दहा व्हिडिओ बघतो आणि काँक्रीटच्या वेळी "मिस्त्री, तुम्हीच बघा काय ते" म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

आमचं घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. पूर्वी अंगण मातीचं होतं. पावसाळा संपला की ते खणून, चोपून, शेणाने सारवून पुन्हा तयार करायचं, ही दरवर्षीची कामं. आई-बाबांना वयामुळे ते जमेना, म्हणून मी पुण्याहून फोनवरच कोबा घालायचं ठरवलं. मे महिना होता, पाऊस तोंडावर आला होता. मिस्त्री म्हणाला, "आरशासारखं गुळगुळीत करून देतो." आम्ही खूश!

पहिल्याच पावसात लक्षात आलं की पाणी घराच्या जोत्याकडे वाहतंय. वर्षभरात तडे गेले, वरचे पापुद्रे सुटायला लागले, झाडलं की राखाडी धूळ निघायची. तिसऱ्या वर्षी जुलैत त्या आरशावर शेवाळ धरलं, बाबा घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. पुढचं अंगण फोडून नव्याने केलं आणि मागच्या पडवीसमोरचा भाग दुरुस्त केला. त्याला आता सहा पावसाळे झाले. या लेखात ते सगळं एका ठिकाणी मांडतो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: घरच्या काँक्रीटचे बहुतेक दोष पाण्याच्या तीन हिशोबांत चुकल्यामुळे येतात. कालवताना घातलेलं पाणी, घातल्यावर मारलेलं पाणी आणि पावसाचं वाहून जाणारं पाणी. हे तीन हिशोब तुम्हाला कळले, तर मिस्त्रीला नेमकं काय विचारायचं हेही कळेल.

काँक्रीट वाळतं म्हणजे नेमकं काय होतं?

खरं तर ते वाळून कडक होत नाही. सिमेंटची पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होते, तिला हायड्रेशन म्हणतात. त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि तोच वाळू व खडीचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. म्हणजे पाणी हा काँक्रीटचा घटक आहे. ते लवकर उडून गेलं तर क्रिया अर्धवट राहते.

मग भरपूर पाणी घातलं तर चांगलंच की? इथेच गंमत आहे. ५० किलोच्या एका गोणीतल्या सिमेंटला या क्रियेसाठी साधारण २० लिटर पाणी पुरतं. माल हलवता-पसरवता यावा म्हणून आपण थोडं जास्त, म्हणजे २५ लिटरपर्यंत घालतो. त्याच्या वरचं प्रत्येक लिटर नंतर बाहेर निघून जातं आणि आपल्या जागी बारीक छिद्रं सोडून जातं. काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते, हे डफ एब्रॅम्स या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली प्रयोगांतून मांडलं. आजही सगळा हिशोब त्यावरच चालतो.

म्हणून पहिला नियम: एका गोणीला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बिगाऱ्याला पातळ माल पसरवायला सोपा जातो, त्यामुळे पाइप सोडून पाणी घालायची सवय असते. पाइप बाजूला ठेवायला सांगा आणि मापाची बादली द्या.

सामान किती लागेल?

आमच्या अंगणाचंच उदाहरण घेऊ. २० फूट लांब, १५ फूट रुंद, जाडी ४ इंच. गुणाकार केला की १०० घनफूट येतात, म्हणजे बरोबर एक ब्रास काँक्रीट. चालणं, दुचाकी आणि अधूनमधून एखादी चारचाकी यासाठी एम २० दर्जाचं काँक्रीट पुरतं. त्याचं नेहमीचं प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. या हिशोबाने एका ब्रासला साधारण असं सामान लागतं:

१. सिमेंट: २३ गोण्या
२. वाळू किंवा क्रश सँड: ४२ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी
३. २० मिलीमीटरपर्यंतची खडी: ८४ घनफूट
४. कालवायचं पाणी: जास्तीत जास्त ५७५ लिटर

वाया जाणाऱ्या मालासाठी पाच टक्के वाढवून घ्या.

इथे तीन गोष्टी बघायच्या. एक, सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका, आणि हाताला गोळे लागत असतील तर नवीसुद्धा परत करा. दोन, वाळू खाडीची नको. तिच्यातल्या मिठामुळे पुढे पांढरे क्षार फुटतात आणि आत लोखंड असेल तर ते गंजतं. तीन, घमेल्याने माप घेऊ नका. एक घमेलं शिगोशीग, दुसरं सपाट, असं चालतं आणि प्रमाण बिघडतं. ४० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ खोल असा लाकडी खोका करून घ्या. त्यात ३५ लिटर माल मावतो आणि एका गोणीतलं सिमेंटही जवळपास तेवढंच भरतं. मग हिशोब सोपा: एक गोणी, दीड खोका वाळू, तीन खोके खडी. ओली वाळू मात्र फुगते. पाच टक्के ओलावा असला तरी तिचं आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकतं, त्यामुळे ती मोजताना थोडी जास्त घ्यावी लागते.

घालण्याआधीची तयारी

काँक्रीट किती टिकणार, हे बरंचसं ते ओतण्याआधीच ठरलेलं असतं.

जमीन: वरची सुपीक माती, मुळं, पालापाचोळा काढून टाका. त्याखाली मुरूम किंवा जांभ्याचा चुरा पसरा. सहा इंचांपेक्षा जाड थर एकदम टाकू नका. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने किंवा यंत्राने नीट दाबून घ्या. खालची जमीन बसली की वरचं काँक्रीट लटकं राहतं आणि तुटतं. आमच्या पहिल्या कोब्याच्या एका कोपऱ्याखाली मातीतला पालासुद्धा काढला नव्हता, हे फोडताना दिसलं.

उतार: हा पाण्याचा तिसरा हिशोब. लक्षात ठेवायला सोपा नियम सांगतो: दर पाच फुटांना एक इंच. आमचं अंगण घरापासून कुंपणापर्यंत १५ फूट, म्हणजे कुंपणाकडची बाजू ३ इंच खाली. कोकणात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे यात कसूर नको. उतार नेहमी घरापासून दूर जाणारा हवा. पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी तपासून खुंट्यांना दोरी बांधा आणि ओतण्याआधी स्वतः उभं राहून माप घ्या. आम्ही दुसऱ्या वेळी कुंपणाच्या कडेला गटार केलं आणि ते माडांच्या आळ्यांकडे वळवलं.

सांधे: काँक्रीट कडक होताना थोडं आकसतं, त्यामुळे त्याला तडा जाणारच. आपण फक्त तो कुठे जावा हे ठरवू शकतो. म्हणून ठरावीक अंतरावर सरळ खाच पाडायची, म्हणजे तडा त्या खाचेतच जातो आणि डोळ्यांना दिसत नाही. ४ इंच जाडीला ८ ते १० फुटांवर सांधा हवा आणि खाचेची खोली जाडीच्या एक चतुर्थांश, म्हणजे एक इंच. आमच्या अंगणाचे आम्ही १० बाय साडेसात फुटांचे चार भाग केले. भाग शक्यतो चौकोनी असावेत, लांबट पट्ट्या मधेच तुटतात. घराची भिंत, खांब आणि तुळशी वृंदावन यांच्याभोवती अर्धा इंच जागा सोडून तिथे थर्माकोलची पट्टी बसवा.

मांडवाच्या खांबांची जागा: कोकणातल्या आणि अंगणात मांडव घालणाऱ्या सगळ्याच वाचकांसाठी ही खास सूचना. मातीच्या अंगणात मांडवासाठी खड्डे खणता येतात, काँक्रीटमध्ये नाही. आईने हे आठवण करून दिलं म्हणून बरं. आम्ही खांबांच्या जागी पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे पुरून ठेवले आणि त्यांना झाकणं लावली. आता दिवाळीआधी झाकण काढायचं, खांब उभा करायचा, झालं!

ओतायच्या दिवशी

उन्हाळ्यात काम असेल तर पहाटे सुरू करा. कडक ऊन आणि वारा असला की वरचं पाणी झपाट्याने उडतं आणि पहिल्या काही तासांतच बारीक तडे पडतात. खालची जमीन आधी ओलसर करून घ्या, नाहीतर ती कोरडी माती मालातलं पाणी शोषून घेते. मात्र पाण्याची थारोळी नकोत.

माल मिक्सरमध्ये एकसारखा रंग येईपर्यंत फिरवा. मूठभर माल हातात दाबला तर गोळा टिकायला हवा आणि बोटांतून पाणी गळायला नको. कालवलेला माल साधारण पाऊण तासात जागेवर पडलाच पाहिजे. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी टाकून तो पुन्हा मऊ करणं ही फार जुनी आणि फार महागात पडणारी सवय आहे. तो माल टाकून द्या.

ओतल्यावर कडेने सळईने खोचून हवा काढा आणि ॲल्युमिनियमच्या सरळ पट्टीने माल ओढून सपाट करा. थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसते. याला काँक्रीटला पाणी सुटणं म्हणतात. हे पाणी आपोआप जाईपर्यंत थापी लावायची नाही. आमच्या पहिल्या मिस्त्रीने घाईत त्या पाण्यावर कोरडं सिमेंट शिंपडलं आणि लगेच घोटाई केली. त्यामुळे वर सिमेंटचा एक पातळ, कमजोर थर तयार झाला. पापुद्रे आणि धूळ यांचं मूळ तेच होतं.

चमक गेल्यावर, बोट दाबलं तर पाव इंचापेक्षा कमी ठसा उमटतो अशा वेळी लाकडी रंधा मारा. बाहेरच्या जागेत शेवटचा हात झाडूचा: ताठ केसांचा झाडू उताराच्या आडव्या दिशेने एकाच ओढीत फिरवायचा. बारीक रेघा उमटतात आणि पावसात पाय धरतो. पाइप मारून धुवायला रेघा थोडा त्रास देतात हे मान्य, पण मोडलेल्या मनगटापुढे तो काहीच नाही.

सांध्यांच्या खाचा ओल्या मालातच पाडा, किंवा दुसऱ्या दिवशी कटरने कापा. कापायला उशीर केला तर काँक्रीट स्वतःच आपली जागा निवडून फुटतं. कापताना पाणी सोडा आणि मास्क लावा, कारण त्या धुळीतला सिलिका फुप्फुसांना घातक असतो. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे गमबूट आणि हातमोजे हवेतच. गुडघे टेकून तासभर ओल्या मालात काम केलं तर कातडी भाजते, आणि ते बऱ्याचदा संध्याकाळी कळतं.

पाणी मारणं: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

हा दुसरा हिशोब. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला कमीत कमी ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला कमीत कमी १० दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. मिश्र सिमेंटसाठी तर १४ दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारं सिमेंट बऱ्याचदा पीपीसीच असतं. ते सावकाश पिकतं, म्हणून दोन आठवडे धरूनच चाला.

'सतत' या शब्दावर जोर द्या. सकाळ-संध्याकाळ पाइप मारायचा आणि दुपारभर ते तापू द्यायचं, याला पाणी मारणं म्हणता येत नाही. मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवा, किंवा ओल्या गोणपाटावर प्लास्टिक अंथरा.

आता आमची खरी चूक सांगतो. ३०० चौरस फुटांवर एक इंच पाणी साठवायचं म्हणजे साधारण ७०० लिटर लागतात, आणि ते उडेल तसं पुन्हा भरायचं. मे महिन्यात आमच्या विहिरीने तळ गाठलेला असतो. आई दोन कळश्या शिंपडायची, तेवढंच. प्यायला पाणी पुरवून वापरणाऱ्या घरात काँक्रीटला कोण देणार? दोष तिचा नव्हता, महिना निवडणाऱ्याचा होता. दुसऱ्या वेळी आम्ही काम डिसेंबरात केलं. विहीर भरलेली, ऊन सौम्य, पाऊस नाही. तेव्हा काँक्रीटचा मुहूर्त आधी विहिरीला विचारा.

साधारण दोन दिवसांनी त्यावर हलकं चालता येतं, आठवड्याने दुचाकी, आणि चारचाकीला २८ दिवस थांबलेलं बरं. काँक्रीटचा दर्जा मोजतात तोही २८ दिवसांच्या ताकदीवरच.

दुरुस्ती: आधी दुखणं ओळखा

मागचा भाग फोडायचा की दुरुस्त करायचा, हे ठरवायला मी हातोडीने टकटक करत सगळीकडे फिरलो. खणखणीत आवाज आला तिथे काँक्रीट शाबूत, बद्द आवाज आला तिथे थर सुटलेला. पोकळ जागांवर खडूने खुणा केल्या. निम्म्याहून अधिक भाग पोकळ असेल तर फोडणंच स्वस्त पडतं. आमचा थोडाच होता.

केसासारखे बारीक तडे: जाळीसारखे दिसत असतील आणि वाढत नसतील तर त्यांची काळजी नको.

रुंद तडे: तडा वाढतोय का, हे आधी बघा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. स्थिर असेल तर छिन्नीने इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, धूळ पूर्ण काढा आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मसाल्याने भरा. हलता असेल तर सिमेंट पुन्हा फुटणारच. तिथे रबरासारखं ताणलं जाणारं पॉलियुरेथेन सीलंट हवं. तड्याच्या दोन बाजू खालीवर झाल्या असतील, तर खालची जमीन बसली आहे. वरून कितीही भरा, उपयोग नाही.

सुटलेले पापुद्रे आणि खड्डे: सुटलेला भाग कटरने चौकोनी कापून काढा. कडा उभ्या आणि कमीत कमी अर्धा इंच खोल हव्यात. कडेला निमुळता होत जाणारा थर पहिल्यांदा सुटतो. जुना पृष्ठभाग रात्रभर ओला ठेवा, भरताना त्यावर साठलेलं पाणी नको. मग एसबीआर लॅटेक्स आणि सिमेंटची पातळ खळ ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच मसाला भरा. खळ वाळली तर ती चिकटवण्याऐवजी वेगळं करायचं काम करते. छोट्या ठिगळालाही आठवडाभर पाणी लागतं!

धूळ निघणं: पृष्ठभाग कमजोर असला तरी शाबूत असेल, तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रव हार्डनर मारता येतं. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी क्रिया करून छिद्रं भरतं. आमच्या मागच्या पडवीसमोर याने चांगला फरक पडला.

पांढरा लोणा: आतले क्षार पाण्याबरोबर वर येऊन साठतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतलं तर ते पुन्हा आत शिरतात. ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय तो थांबत नाही.

शेवाळ: ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून अर्ध्या तासाने ताठ ब्रशने घासा. अत्यंत महत्त्वाचं: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवावर बेतू शकतो.

एक मर्यादाही सांगतो. अंगण, वाट, पार्किंग इथली दुरुस्ती आपण करू शकतो. पण स्लॅब, बाल्कनी, कॉलम किंवा बीमवर गंजाचे डाग, फुगवटा किंवा सळईच्या रेषेत तडे दिसले, तर वरून गिलावा मारून झाकू नका. लोखंड गंजलं की ते फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा.

सजावट: सुंदर पण न घसरणारी

राखाडी पृष्ठभाग कंटाळवाणाच असतो असं नाही. घरगुती कामात हे पर्याय चांगले जमतात:

१. रंगीत कोबा: जुन्या घरांतला लाल कोबा आठवतो ना? तो रंग लोह ऑक्साइडचा. हा रंग उन्हाने आणि सिमेंटच्या क्षारांनी उडत नाही. सिमेंटच्या वजनाच्या साधारण ५ टक्के घाला, १० टक्क्यांच्या वर कधीच नाही, नाहीतर ताकद घटते. सगळा रंग आणि सिमेंट कोरडं असतानाच एकदम मिसळून ठेवा, म्हणजे प्रत्येक घाण्याची छटा सारखी येते. फिकट रंग हवे असतील तर पांढरं सिमेंट घ्या.

२. दोरीचे चौकोन: ओल्या पृष्ठभागावर सुतळी ताणून दाबली की रेषा उमटते. गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यावर असे फूटभराचे चौकोन तुम्ही पाहिले असतील. खर्च जवळपास शून्य. पण या रेषा उथळ असतात, त्यांना सांधे समजू नका.

३. ठशांचं काँक्रीट: रबरी साचे दाबून दगड किंवा विटांची नक्षी उमटवतात. साचा चिकटू नये म्हणून पावडर लागते आणि वेळ अचूक साधावी लागते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

४. उघडी खडी: वरचा थर अर्धवट कडक झाला की पाणी आणि ब्रशने सिमेंट धुऊन खडी उघडी करायची. पावसाळी भागात पायवाटेसाठी उत्तम, अजिबात घसरत नाही. अनवाणी पायांना मात्र टोचते.

५. चायना मोझॅक: टाइलचे पांढरे तुकडे बसवलेली गच्ची ऊन परतवते आणि खालची खोली कमी तापते.

चकचकीत सीलरबद्दल सावध राहा. ओला झाला की तो साबणासारखा होतो. बाहेरच्या जागेसाठी आत झिरपणारं सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं द्रव बरं, त्याने चमक येत नाही पण पाणी आत कमी जातं.

आईची मात्र एक तक्रार होती: "अरे, या रेघांवर रांगोळी कशी काढायची?" अगदी रास्त प्रश्न! मग तुळशी वृंदावनासमोर, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर, दोन बाय दोन फुटांचा एक चौकोन वेगळा ठेवला. तेवढाच लाल रंगाचा, घोटाई केलेला, गुळगुळीत. त्याला चारही बाजूंनी सांधा दिला. बाकी सगळं अंगण झाडूच्या रेघांचं. प्रत्येक जागेचं काम वेगळं, म्हणून तिचा पृष्ठभागही वेगळा असायला हरकत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी टाकावी का?
फक्त चालण्यासाठी असेल तर गरज नाही. गाडी उभी राहणार असेल तर टाका. जाळीमुळे तडे थांबत नाहीत, पण गेलेला तडा उघडत नाही. ती जमिनीवर पडून राहिली तर निरुपयोगी. खाली ठोकळे देऊन जाडीच्या मध्याच्या थोडी वर ठेवा, आणि वर दीड इंच तरी काँक्रीट येऊ द्या.

जुन्या कोब्यावरच नवा थर दिला तर?
जुना थर पक्का असेल, पृष्ठभाग खरवडून साफ केला असेल आणि दरवाजाची उंची परवानगी देत असेल तरच. जाडी दीड-दोन इंच हवी आणि जुन्या सांध्यांच्या बरोबर वर नवे सांधे हवेत. खालचा हलता तडा वरच्या थरातही उमटतोच.

रेडी मिक्स मागवावं का?
काम एका दिवसाचं असेल आणि गाडी दारापर्यंत येत असेल तर उत्तम, प्रमाण अचूक मिळतं. फक्त गाडीवाल्याला साइटवर पाणी घालू देऊ नका. आणि माल आल्यावर पसरवायला पुरेशी माणसं आधीच तयार ठेवा.

पावसाळ्यात काम करता येतं का?
वर ताडपत्रीचं पक्कं छप्पर असेल तर येतं. ओल्या काँक्रीटवर सर पडली तर वरचं सिमेंट धुऊन जातं.

सगळं आवार काँक्रीटचं करावं का?
माझं मत, नको. झाडांच्या मुळांभोवती माती मोकळी सोडा. पाणी जमिनीत मुरलं नाही तर विहिरीला काय मिळणार?

शेवटी

मिस्त्रीला वाईट ठरवायला हा लेख लिहिलेला नाही. आमच्या दुसऱ्या मिस्त्रीने मी मापाची बादली पुढे केल्यावर आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण पाण्याची चमक जाईपर्यंत तोही माझ्यासोबत पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "मालकांना घाई असते म्हणून आम्हालाही घाई असते." हे खरं आहे. फोनवरून "लवकर आटपा" म्हणणारा मीच होतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एका गोणीला किती लिटर पाणी? किती दिवस आणि कसं ओलं ठेवणार? पावसाचं पाणी कुठे जाणार? तिन्हींची आकड्यांत उत्तरं मिळाली तर काम सुरू करा.

बाबांचं मनगट बरं झालं, पण जड कळशी ते अजून डाव्या हातानेच उचलतात. जुलैत अंगणात उतरताना आता त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाही. तुमच्या घराच्या कोब्याबद्दल काही प्रश्न असतील तर जरूर विचारा. विचारताना जागा किती, उतार कुठे आणि काम कोणत्या महिन्यात झालं एवढं सांगितलंत, तर उत्तर देणं सोपं जाईल.